बिनबर्फाचा रस

नांदूरघाटच्या स्टँडसमोर जगदेवीची रसवंती. तिथला बर्फ बंद झाला तो कार्तिकात. लेक रोहिणी कॅनडात मालवाहू विमानावर कोपायलट म्हणून लागली. तिचा तिकडचा पहिलाच हिवाळा, म्हणून जगदेवीनं कपिलधारच्या देवाला हात जोडून कबूल केलं, "पोरीचा हिवाळा नीट सरू दे. तोवर माझ्या दुकानात बर्फाचा खडा येणार न्हाई." कार्तिकात रसात बर्फ मागतो कोण? देवाशी असा फुकटातला सौदा आपणच करू जाणे, असं ती स्वतःच सांगत सुटायची.

शिवरात्र झाली, उन्हं तापली आणि सौदा अंगाशी आला.

"वैनी, रस हाय का काढा?" गिऱ्हाईक विचारी.

नवरा रेवणप्पा चरकात ऊस सारत म्हणे, "तिकडं बर्फ पडतोय म्हणून हितला धंदा बसवलाय हिनं."

जगदेवीच्या डोक्यात बर्फ म्हणजे गारा. बोराएवढ्या, पत्र्यावर ताडताड वाजणाऱ्या. फोनवर तिचा रोज एकच प्रश्न, "गारा पडल्या का गं?"

शेवटी रोहिणी म्हणाली, "आई, गारा न्हाई गं. आमाला ट्रेनिंगमधी एक जुना अपघात शिकवलाय. मालाचं विमान होतं. पंखावर रव्यासारखा बर्फ जमलता. कॅप्टन म्हणला, थोडाच हाय, उडून जाईल. विमान उठलं आन् तसंच पडलं."

"थोडंच हाय, चालतंय" हे तर जगदेवीचंच बोलणं. करपलेलं पातेलंही ती असंच म्हणून पालथं घालायची. कॅप्टन आपल्याच घरचा निघाला, असं तिला वाटलं.

"आन् शेजारी बसलेला?"

"त्याला दिसलं होतं. मोठ्या माणसाला कसं बोलावं, म्हणून गप बसला."

ती खुर्ची आता रोहिणीची. आणि तिला गप बसायला शिकवलं कुणी? लहानपणी रोहिणी राजेश्वरकाकांना म्हणाली होती, "काका, जीपचा टायर बसलाय." उलटं बोलली म्हणून जगदेवीनं तिला काकांच्या पाया पडायला लावलं. जीप केजच्या रस्त्यात बसली ती बसलीच. नवस बर्फाचा केला, करायला हवा होता पोरीच्या तोंडाचा!

"रोहिणे, पंखावर रवा दिसला तर बोल. माझी शिकवण खाली ठिवून जा."

"आमचा कॅप्टन लई खडूस हाय, आई."

"माझ्यापेक्षा?"

पुढच्या आठवड्यात फोन आला. "आई, आज उलटं बोलले. पंखावर पांढरं दिसत होतं, कॅप्टन निघू म्हणत होता. मी न्हाई म्हणले. परत बर्फ वितळायचं औषध मारून पंख धुवायला लावले, मगच उडालो. आताच उतरले."

जगदेवीनं कपाळाची विभूती चाचपली. "चिडला का गं त्यो?"

"लई. बोललाच न्हाई माझ्याशी."

"मग पाया पडलीस का त्याच्या?"

तोंडातून निघून गेलंच. रेवणप्पानं चरक थांबवला. तिकडून रोहिणीचं हसू फुटलं, आणि कोमट रसाचा गिलास हातात धरून जगदेवी तिच्याहून मोठ्यानं हसली.