डोंगराची गाडी, डांबराचा रस्ता

गाडी बघायला गेले तेव्हा गॅरेजवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "दादा कुठायत?"

"कुठले दादा?"

"नाय म्हंजे, गाडी कोनाला घ्यायचीय?"

"मला."

तो हसला नाही, एवढं मी त्याचं आजही मानते. त्याने शेडमधून गाडी बाहेर काढली आणि माझ्या शेजारी उभी केली. सीट जवळपास माझ्या कमरेला लागत होती. पुढचं चाक सायकलीसारखं मोठं आणि अरुंद, टायरला जाड गोट्या, मडगार्ड चाकापासून वीतभर वर, चोचीसारखा. इंजिन दोनशे सीसीचं. मुंबईकडच्या कुणा हौशी माणसाने डोंगरवाटा चढायला घेतली होती. घाटात दोनदा पडला आणि इथे विकायला ठेवून गेला.

"खरं सांगू, ताई? ही चिखलातली गाडी. हिला एंड्युरो म्हंतात. हायवेवर ही नुसती बोंबलते. तुमी स्कुटीच घ्या."

स्कूटी माझ्याकडे होतीच आणि तिला कंटाळूनच मी आले होते.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे गुरांचा एक छोटा दवाखाना सांभाळते. लसी टोचायच्या, जखमा बांधायच्या, अडलेली गाय सोडवायची आणि सगळ्यात जास्त म्हणजे माजावर आलेल्या गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं. शहापूरजवळ बरीच वर्षं काढल्यावर माझी बदली मुरबाड तालुक्याच्या टोकाला, वैशाखऱ्याच्या पलीकडे झाली. बदली झाली की ती रद्द करून आणायची असते, असं आमच्या खात्यात सगळे धरूनच चालतात. त्यातून बाईची असेल तर कारणं तयारच असतात. एका सहकाऱ्याने तर मला अर्जाचा मसुदाच लिहून दिला. मी तो वाचला. त्यातली बाई इतकी आजारी आणि दुबळी होती की मलाच तिची दया आली. मी अर्ज खिशात घातला आणि रुजू झाले.

मुलगी शहापुरात दहावीला, नवरा आसनगावहून रोज कल्याणला कामाला. दवाखान्याच्या क्वार्टरला छप्पर नव्हतं. म्हणून रोज जाऊन-येऊन करायचं ठरलं. शहापूरहून किन्हवली, तिथून सरळगाव, मग कल्याण-नगर हायवेने टोकावडे आणि पुढे. एका बाजूचे पन्नासेक किलोमीटर. कागदावर सगळा रस्ता डांबरी. किन्हवलीच्या पुढे त्या डांबराला इतके खड्डे होते की सहा महिन्यांत स्कूटीचा पुढचा रिम दोनदा वाकला. आणि मागे थंडगार द्रव नायट्रोजनचं भांडं बांधलेलं. त्यात वळूचं गोठवलेलं वीर्य बारीक कांड्यांमध्ये ठेवलेलं असतं. ते भांडं आपटून चालत नाही.

तर मी ती उंच गाडी घेतली.

चालवणं मला नवीन नव्हतं. माझं लहानपण भातसानगरच्या कॉलनीत गेलं. वडील धरणावर कामाला होते आणि धरणाकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी मला त्यांच्या मोटरसायकलवर गिअर शिकवले होते. नवीन होती ती उंची. माझे दोन्ही पाय एका वेळी जमिनीला टेकत नाहीत. थांबताना डावीकडे सरकायचं, डाव्या पायाचा चवडा टेकायचा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, हे अंगात मुरायला पंधरा दिवस लागले. तोवर पेट्रोल पंपावर, भर रांगेत, उभ्या उभ्या दोनदा आडवी झाले. दुसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, "झेपत नाय तर घ्यायची कशाला?" मी गाडी उचलली, पेट्रोल भरलं आणि निघाले.

गॅरेजवाल्याने सीटचा फोम दोन बोटं कापून दिला. त्याने उंची थोडी कमी झाली आणि सीट फळी झाली. मागचं दातेरी चाक काढून कमी दातांचं बसवलं, म्हणजे हायवेवर इंजिन कमी किंचाळेल. तरी ते किंचाळायचंच. साठच्या पुढे गोट्यांचे टायर घूं घूं करायचे, तो आवाज घरी जेवतानाही कानात असायचा. ऐंशीच्या वर मडगार्डाच्या चोचीखाली वारा घुसून हँडल थरथरायचं. समोरून कंटेनर गेला की सगळी गाडी हातभर बाजूला ढकलली जायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी हँडल आवळून धरलं आणि गाडी आणखीच लचकली. मग कळलं, अशा वेळी हात सैल सोडायचे आणि गुडघ्यांनी टाकी धरायची. हे मला कुणी सांगितलं नाही. टोकावड्याच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर माझं मीच शिकले.

पण खड्ड्यांत तिच्यासारखी गाडी नाही. किन्हवलीच्या रस्त्यावर भलेभले चारचाकीवाले पहिल्या गिअरवर डोलत असायचे आणि मी उभी राहून, गुडघे वाकवून, त्यांच्या बाजूने निघून जायची. भांड्याला धक्का नाही.

नवऱ्याने मला कधी नको म्हटलं नाही. त्याची तऱ्हा वेगळी. कुणी पाहुणा अंगणातली गाडी बघून थबकला की तो घाईने म्हणायचा, "ऑफिसची आहे." दोन-तीनदा मी ऐकून घेतलं. मग एकदा त्याचा मोठा भाऊ आला होता, चहा घेता घेता त्याने विचारलं आणि नवऱ्याने तेच सांगितलं. मी आतून बाहेर आले. म्हटलं, "भावजी, माझी आहे. माझ्या पगाराची. कागद दाखवू?" भावजींनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत राहिले. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी पडले ती भाताच्या झोडणीच्या दिवसांत. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. टोकावड्याच्या पुढे एका वळणावर लोकांनी रस्त्यावरच पेंढा पसरला होता. गाड्यांच्या चाकांखाली उरलेले दाणे सुटतात म्हणून पसरतात. मी वेग कमी केला होता, पण पेंढ्यावर पुढचा ब्रेक किंचित दाबला गेला आणि चाक साबणावरून गेल्यासारखं निसटलं. गाडी डावीकडे, मी तिच्याखाली अर्धी. आणि भांड्याचं झाकण उडून पांढरा धूर.

जमलेली माणसं जितक्या वेगाने आली तितक्याच वेगाने मागे पळाली. "ग्यास! ग्यास फुटला!" मी ओरडत होते, "गॅस नाही, हात लावू नका, थंड आहे!" एका हाताने मी ते भांडं सरळ केलं. दुसरा हात उचलवतच नव्हता. धूर विरला तसे लोक पुन्हा जवळ आले आणि आता पळाल्याची लाज भरून काढायला एकजण म्हणाला, "बाईमानसाला एवढी उंच गाडी पायजे कशाला?"

पेंढा ज्यांचा होता त्या घरची बाई तांब्यातून पाणी घेऊन आली होती. पन्नाशीची, हातात विळा तसाच. ती त्याच्यावरच उसळली. "रस्त्यावर पेंढा आमी टाकला, पडली ती, आन् बोल गाडीला व्हय रे? गप उचल ती गाडी." मग माझ्याकडे वळली. "लय लागलं का गो?"

मनगटाचं हाड तडकलं होतं. महिनाभर प्लास्टर. तो महिना मी एसटीने गेले. तीन गाड्या बदलायच्या, पोचायला अकरा वाजायचे. गाय माजावर आली की ती काही तासांचीच गोष्ट असते. सकाळी फोन यायचा आणि मी पोचेपर्यंत वेळ टळलेली असायची. मग पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस थांबा. शेतकरी तोंडावर काही बोलायचे नाहीत. नुसते दावं सोडून गाय परत न्यायचे. ते बघणं मनगटापेक्षा जास्त दुखलं.

"आता विकून टाक," नवरा म्हणाला.

"प्लास्टर निघू दे."

"मग विकशील?"

"मग चालवीन."

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. माझ्याविरुद्ध तक्रार होती. कुणी केली हे मला माहीत होतं. आमच्या भागात एक माणूस खाजगीत रेतन करायचा. मी वेळेवर पोचायला लागल्यापासून त्याला बोलावणं कमी झालं होतं.

ठाण्याला जायचं तर आसनगावहून लोकल पकडता आली असती. मी मुद्दाम मोटरसायकल काढली. मनगट अजून कच्चं होतं, आणि नाशिक हायवेवर पडघ्याच्या पुढे गोदामांचे ट्रक एकमेकांना चिकटून चाललेले. डावी लेन धरली आणि सत्तरच्या वर गेले नाही. मागून हॉर्न वाजत होते. वाजू दिले. भिवंडी बायपासला एका ट्रकवाल्याने इतकं जवळून दाबलं की मी कडेच्या खडीवर उतरले. तिथे माझ्या टायरच्या गोट्या कामाला आल्या. गाडी खडीवरून तशीच चालत राहिली आणि पुढे पुन्हा डांबरावर चढली. ऑफिसात पोचल्यावर साहेबांच्या खिडकीसमोरच गाडी लावली.

साहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. समोर कागद धरून वाचू लागले, "रेसची मोटरसायकल चालवतात. आवाजाने जनावरं बुजतात, दूध कमी देतात."

"सर, कुठल्या म्हशीने कमी दिलं, ते लिहिलंय का?"

बाजूच्या टेबलावरचा क्लार्क खोकला. साहेबांनी कागद उलटा केला. "मुख्यालयी राहत नाहीत."

"क्वार्टरला छप्पर नाही. दुरुस्तीची माझी तीन पत्रं तुमच्याकडे आहेत."

"आणि पडलात म्हणे. सरकारी भांडं घेऊन."

"पडले. भांडं शाबूत आहे. नोंद केली आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा मॅडम, तुमच्या भल्यासाठी सांगतो. एसटीने जा. नाहीतर पूर्वीसारखी स्कूटर वापरा. ती गाडी बंद करा."

"तसं लेखी द्या, सर."

"लेखी कशाला?"

"एसटीने मी अकराला पोचते. गेला महिनाभर पोचत होते, हजेरी बघा. उशिराबद्दल कारणे दाखवा नोटीस आली की तुमचा कागद जोडता येईल."

नोकरीत इतक्या वर्षांत मी साहेबांशी असं बोलले नव्हते. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडी धुळीने माखलेली, एका बाजूला कललेली उभी होती.

"हिच्यावरच आलात?"

"हो सर. नाशिक हायवेने."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग कागद फाईलमध्ये घातला. "या तुम्ही."

लेखी काही आलं नाही. काही महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं, तक्रारीत तथ्य आढळले नाही. क्वार्टरला छप्पर अजूनही नाही.

तक्रार करणाऱ्याला मी सोडलं असतं तर बरं दिसलं असतं. पण नाही सोडलं. एका सकाळी तो चहाच्या टपरीवर दिसला. मी गाडी थांबवली, डावीकडे सरकून चवडा टेकला आणि म्हटलं, "आवाजाचा त्रास होतो म्हणे. उद्यापासून तुमच्या दारावरून जाईन. नीट ऐका, म्हणजे पुढच्या वेळी बरोबर लिहिता येईल." आणि पुढचा महिनाभर अर्धा किलोमीटर वळसा घालून मी खरंच त्याच्या घरावरून गेले. हे शहाणपणाचं नव्हतं. मजा मात्र आली.

पेंढ्याच्या घरची ती बाई आता स्वतः म्हैस घेऊन दवाखान्यात येते. आधी या कामाला पुरुषच यायचे, आणि मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला की दुसरीकडे बघत उभे राहायचे. ती बघते. प्रश्न विचारते. तिच्यामागून आणखी तिघी-चौघी यायला लागल्या.

मागचा टायर मधून झिजून गुळगुळीत झाला, तेव्हा मी गोट्यांचा न घेता रस्त्याचा टायर बसवला. आता घूं घूं कमी आहे. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, हिला तुमी हायवेची करून टाकली."

मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी घाटाखालच्या गावात लसीकरणाचं शिबिर होतं. वाटेत मोठ्या मोटरसायकलींचा एक जथा कडेला उभा होता. अंगभर जाकिटं, हेल्मेटवर कॅमेरे. पुढे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता म्हणून मीही थांबले. त्यांच्यातला एक पोक्त गृहस्थ जवळ आला. गाडीकडे पाहिलं, मागच्या भांड्याकडे पाहिलं.

"रोज येता का हिच्यावर?"

"रोज."

"हायवेला किती पळते ही?"

"ऐंशी."

"बस?"

"पुरते."

त्याला आणखी काही विचारायचं होतं. पण शेवटची म्हैस पलीकडे गेली होती आणि शिबिर नऊला होतं. मी गिअर टाकला.