सगळ्या समुद्रांच्या मधोमध

साबण कंपनीच्या गोदामात त्यांना सगळे ‘मधोमध साहेब’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण साहेबांना तो मान वाटायचा. नवं गोदाम कुठे घ्यायचं हे ते ठरवायचे. भिंतीवर नकाशा लावायचा, दुकानांच्या जागी टाचण्या टोचायच्या, दोरे ताणायचे आणि सगळ्यांच्या मध्ये जिथे बोट टेकेल तिथे गोदाम. साबणाच्या खोक्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. खोक्यांना गाडी लागत नाही, शू लागत नाही आणि दुपारची झोपही येत नाही.

माणसाने एवढ्या एकाच युक्तीवर किती उड्या माराव्यात! थोरल्या मुलाची शाळासुद्धा साहेबांनी दोरा ताणूनच निवडली होती. घर, गोदाम आणि बायको जिथे कामाला होती तो दातांचा दवाखाना, या तिन्हींच्या बरोबर मध्ये. त्यामुळे पोराला सोडणं-आणणं कोणाच्याच वाटेवर पडत नसे. साहेब मात्र पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, ‘शाळा कशी, तिन्हीकडून जवळ!’

तर अशा माणसाच्या हाती उन्हाळ्याची सुट्टी सापडली. आदल्या उन्हाळ्यात धाकटीचा पाय प्लास्टरमध्ये होता. बाकीची पोरं उन्हात हुंदडत होती आणि ही खाटेवर पडून छताकडे बघत होती. तेव्हा आईने तिला शब्द दिला होता, ‘पुढच्या सुट्टीत डोळे उघडले की समोर समुद्र.’ पोरीने तो शब्द वर्षभर घट्ट धरून ठेवला, आणि सोबत एक लाल बादलीही. रात्री ती बादली उशाशी घेऊन झोपायची.

बायकोने खोली बघूनही ठेवली होती. तिची मावशी कोळ्यांच्या एका लहानशा वस्तीत राहायची. मावशीच्या शेजारची खोली रिकामी होती, दार उघडलं की वाळू.

“एकच किनारा?” साहेबांनी नाक मुरडलं. “आणि नाही आवडला तर?”

“अहो, पोरांना समुद्र आवडला नाही असं कधी ऐकलंय का?”

“वास येतो तिथे मासळीचा. आणि पर्याय नकोत? तुला नियोजन म्हणजे काय ते कळत नाही.”

स्वयंपाकघराच्या भिंतीवर नकाशा चढला. चार नामांकित किनाऱ्यांवर चार टाचण्या बसल्या. दोरे ताणले गेले आणि साहेबांचं बोट डोंगराच्या अलीकडे, मालट्रक थांबतात त्या चौफुलीवर टेकलं. तिथे टायरची दुकानं होती, ट्रकचा वजनकाटा होता आणि एका टायरवाल्याच्या डोक्यावर एक लॉज होतं.

“बघ! इथून सगळं जवळ आहे.”

“सगळं सारखंच लांब आहे,” बायको म्हणाली. पण तोवर साहेबांनी फोन लावून खोली ठरवलीसुद्धा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्याला आधी शहाणा लागतो.

लॉजवरच्या पहिल्या सकाळी धाकटी डोळे चोळत उठली आणि बादली घेऊन थेट खिडकीशी गेली. खाली एक माणूस ट्रकच्या चाकावर घण घालत होता.

“बाबा, समुद्र कुठंय?”

“कुठल्या समुद्राला जायचं ते सांग!” साहेब छाती फुगवून म्हणाले. “चार आहेत.”

“इथल्या,” धाकटी म्हणाली.

निघाले. डोंगरातली वळणं सुरू झाली आणि थोरल्याने आपला नाश्ता साहेबांच्या सीटच्या पाठीवर रिकामा केला. धाकटी आधी उन्हाने रडली आणि मग रडून दमल्यावर झोपली. पोचले तेव्हा भरती होती, पाणी थेट बांधाला लागलेलं, वाळू औषधालाही नव्हती. साहेबांनी चार किनाऱ्यांचा अभ्यास केला होता, पण समुद्र हलतो ही माहिती त्यांच्या नकाशात नव्हती. “हा किनारा बाद,” त्यांनी निकाल दिला आणि गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी दुसरा किनारा. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. धाकटी पुन्हा झोपलेली. आई तिला मांडीवर घेऊन झाडाखाली बसली, पाय बधिर झाले तरी हलली नाही. साहेबांनी थोरल्याला घोट्याएवढ्या पाण्यात उभं करून फोटो काढला आणि निघायची घाई केली, कारण परतीचा रस्ता लांब होता. धाकटीला जाग आली ती लॉजच्या पंख्याखाली. तिने बादलीत डोकावून बघितलं. बादली कोरडी होती.

“आई, समुद्र येऊन गेला का?”

आईने बादली उचलून पुन्हा तिच्या उशाशी ठेवली. आणि साहेब? साहेब हसले. “अगं वेडे, समुद्र येत नसतो, आपण जातो!”

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. साहेबांनी तर चार घरची आमंत्रणं घेतली होती.

त्यानंतरच्या सकाळी साहेब लांबच्या पंपावरून गाडीत पेट्रोल भरून, काचा पुसून वर आले, तर खोली रिकामी. बॅगा नाहीत, पोरं नाहीत, उशाजवळची बादलीही नाही. ते धावत खाली आले.

“वहिनी मुलांना घेऊन बसने गेल्या,” टायरवाला म्हणाला. “समुद्राला जातो म्हणाल्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.”

साहेबांनी फोन लावला. बायकोचा आवाज अगदी शांत होता. “मावशीच्या शेजारी उतरतोय. यायचं तर या.”

“अगं, पण आज चौथा किनारा होता!”

तिकडून फोन ठेवला गेला.

साहेब गेले नाहीत. एका किनाऱ्याला पोरं कंटाळतील आणि झक मारत परत येतील, हा त्यांचा हिशेब. दिवसभर ते खाटेवर बसून दाराकडे कान लावून राहिले. कोणी आलं नाही. संध्याकाळी त्यांनी बॅग भरली, पण आपण होऊन जायचं म्हणजे हार मानणं आलं. कोणीतरी बोलवायला हवं होतं. त्यांनी फोन लावला. तो धाकटीने उचलला. मागे लाटांचा आवाज येत होता.

“बाबा, इथला समुद्र इथेच राहतो! मी झोपले तरी तो जात नाही! उठून बघितलं तर होता!”

“हो का?” साहेबांचा आवाज उगाचच बारीक झाला. “मग... मी येऊ का तिकडे?”

पोरीच्या मनात कसलाच राग नव्हता. बाबांना काय आवडतं याचा ती खरोखर विचार करत होती.

“नको बाबा, तू तिथेच राहा. तिथून सगळं जवळ आहे ना.”

आणि फोन तसाच वाळूत टाकून ती पळाली. तिच्या पावलांचा आवाज लांब गेला, मग नुसत्या लाटा राहिल्या. मधोमध साहेब भरलेली बॅग मांडीवर घेऊन कान फोनला दाबून बसले. खाली टायरवाल्याने हवेचं मशीन चालू केलं आणि त्यांना लाटाही ऐकू येईनाशा झाल्या.