भंडाऱ्याची रेघ

सांगोल्याच्या दक्षिणेला बंडगरांची वस्ती आहे. तिथल्या माळावर धुळा बंडगराने उभा जन्म मेंढरांमागे काढला. लांडग्याला तो कधी भ्यायला नाही. एकदा कोकरू उचलून निघालेल्या लांडग्याला त्याने काठी हाणून ते खाली टाकायला लावले, आणि वर म्हणाला, "त्यालाबी पोट हाय की. पर माजं कोकरू न्हाय द्यायचा." पोलीस पाटलापुढेही तो ताठ मानेने उभा राही. मात्र बिरोबाच्या देवळाची पायरी चढताना ह्याच माणसाची मान आपोआप खाली जाई. देवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात होती. भंडाऱ्याची, म्हणजे देवावर उधळायच्या हळदीच्या पुडीची पिशवी त्याच्या कंबरेला असायची. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडणाऱ्यांचे काय झाले, ते त्याने लहानपणापासून ऐकले होते.

ही हकिकत एकोणीसशे तीस सालच्या आसपासची. वस्तीच्या उत्तरेला सरकारी कुरण होते आणि कुरणाच्या मधोमध, खोलगट जागेत, एक तळे. कुरण आणि तळे दोन्ही नावापुरती उरली होती. वर्षानुवर्षे चरून गवताचा मागमूस राहिला नव्हता, आणि मेंढरांच्या खुरांनी काठ मोडून तळे गाळाने भरले होते. पूर्वी माळढोक तिथे अंडी घालीत, हिवाळ्यात करकोचे उतरत. आता उन्हात तापलेले दगड आणि बाभळीचे काटे, एवढेच उरले होते.

जंगलखाते तारेचे कुंपण घाली आणि धनगर ते तोडीत. खाते दंड करी, धनगर दंड भरून पुन्हा तार तोडीत. मग सोलापूरहून नवा रेंजर आला. गुरुसिद्धप्पा त्याचे नाव, शुक्रवार पेठेत राहणारा, अंगाने जाड, बोलायला मोकळा. तो घोड्यावरून उतरून सरळ धुळाच्या घोंगडीवर बसला.

"धुळाबा, मी तार लावतो, तुम्ही तोडता. पहारेकरी ठेवतो, त्याला तुम्ही मटण घालता. तो झोपतो, मेंढरं चरतात. असं किती दिवस चालायचं?"

"मटण चांगलं करतात आमच्यात," धुळाचा धाकटा भाऊ ज्ञानबा म्हणाला. सगळे हसले. मांसाला न शिवणारा रेंजरही हसला.

"मला मटण नको. मला गवत पाहिजे. तुम्हालाही तेच पाहिजे. तीन पावसाळे हे कुरण मोकळं ठेवा. तोवर पलीकडचा डोंगर मी चराईला फुकट उघडतो. गवताचं बी मी आणतो, गाळ तुम्ही काढा."

त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. प्रश्न एवढाच होता, की वस्तीवरच्या सगळ्यांना धरून ठेवायचे कशाने?

"साहेब, तारंला आमी भेत न्हाय," धुळा म्हणाला. "भंडाऱ्याला भेतो."

दुसऱ्या दिवशी साऱ्या वाड्यांची, म्हणजे धनगरांच्या तळांची, माणसे जमली. धुळा अनवाणी निघाला आणि मुठीमुठीने भंडारा सोडत त्याने कुरणाभोवती रेघ ओढली. रेंजरच्या नकाशावर पूर्वेकडून तळ्यापर्यंत एक पाणवाट काढलेली होती. तो म्हणाला, "इथे वाट सोडा, जनावरांच्या पाण्याची." धुळाने वळून ओढ्याकडे बोट दाखवले. श्रावणातला ओढा दुथडी भरून चालला होता. "एवढा वढा वाहतोय की. देवाच्या रेघंला भोक कशाला?" रेंजरने नकाशाची गुंडाळी केली. देवाच्या कामात आपण कशाला बोला, असे त्याला वाटले असावे.

रेघेची दोन टोके जुळली, तेव्हा धुळाने भंडारा उचलून सगळ्यांच्या वतीने शब्द दिला. "ज्याच्या खुणेचं मेंढरू ही रेघ वलांडंल, त्याच्या घरात पाळणा हलू नये."

प्रत्येक वाड्याची आपल्या मेंढरांवर खूण असते. धुळाची खूण मानेवर गेरूचा पट्टा, ज्ञानबाची पाठीवर चुन्याचा ठिपका. शब्द ऐकताच एकूणएक माणसाने कानाला हात लावले.

पहिले साल झकास गेले. बायामाणसांनी पाट्यांनी गाळ उपसला, रेंजरच्या माणसांनी मारवेल आणि पवन्या गवत पेरले. पावसानंतर गवत गुडघ्यापर्यंत आले, तळ्याच्या काठाने लव्हाळा माजला, आणि त्यात कुठूनशा पाणकोंबड्या येऊन राहिल्या. लोक संध्याकाळी रेघेच्या बाहेर उभे राहून नुसते बघत. धुळाला वाटे, हे देवाने आपल्या हातून करवले. तो गर्व त्याला पुढे फार महाग पडला.

दुसऱ्या साली पाऊस आलाच नाही. होळीआधी ओढा आटला. घाटाखाली, नदीकाठी गेलेले कळप माघारी आले, कारण तिकडेही तेच. विहिरीत माणसांपुरते पाणी राहिले. सगळ्या शिवारात पाणी होते ते एका तळ्यात. गाळ काढल्यामुळे आणि काठाच्या लव्हाळ्यामुळे ते टिकून राहिले होते. माळाच्या उतारावरून ते आरशासारखे चमकताना दिसायचे. मेंढरांना त्याचा वास यायचा. ती रेघेपाशी येऊन उभी राहायची आणि माणसे त्यांना काठ्या मारून मागे हाकायची.

माणसांना आत जायला बंदी नव्हती. बायकांनी घागरी भरभरून आणल्या आणि बाहेर चर खणून त्यात ओतल्या. पण एवढ्या कळपांना घागरी किती पुरणार? तापलेली जमीनच निम्मे पाणी पिऊन टाकी. रेंजर घोडा दामटत आला. तळ्यातून पाट काढता येईल का, ते त्याने पाहिले. पण तळे खोलगटात, पाणी वर कसे चढणार? शेवटी तो म्हणाला, "पूर्वेची वाट माझ्या नकाशात आहेच. खात्याची हरकत नाही. घाला मेंढरं त्या वाटेनं."

कोणी हलले नाही. खात्याला भीत होते कोण?

त्या दिवसापासून धुळाची झोप आणि भूक दोन्ही गेली. त्याची एकुलती मुलगी केराबाई बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. पाळण्याचा तो शब्द त्याच्याच तोंडून गेला होता, आणि आता तो शब्द त्याच्या घराकडे टक लावून बसला आहे, असे त्याला वाटे. केराबाई उठून पाणी प्यायला गेली तरी तो उठून तिच्या मागे जाई. तिने पोटाला हात लावला की हा विचारी, "दुकतंय का?"

"आबा, बाळ लाथ मारतंय," ती हसून सांगे. त्याने धुळाची भीती कमी होत नसे.

मेंढरे पडायला लागली. विणारी मेंढी कोकरू टाकून तिथेच आडवी व्हायची. ज्ञानबाचा कळप सर्वांत मोठा, आणि त्याचेच नुकसान सर्वांत जास्त. तो एका सकाळी धुळाच्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा, रेघ तू मारलीस. साहेब वाट सोडा म्हणत हुता, तवा तुला देवाच्या रेघंला भोक नगं हुतं. आता मेंढरांच्या पोटाला भोकं पडली. आता काय करतूस?"

"देवाला विचारतोय."

"आन् देव काय म्हणतोय?"

"कायबी न्हाय म्हणत."

"त्येचाबी घसा वाळला आसंल," ज्ञानबा म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

धुळा देवळात जाऊन बसला. देव खरोखरच काही बोलला नाही. पण आपण दिलेला शब्द तो पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिला, आणि घोळवता घोळवता त्याला त्यातली एक फट दिसली. 'ज्याच्या खुणेचं मेंढरू.' तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. फट सापडली होती, पण ती त्याच्याच घराच्या दिशेने उघडत होती.

त्याने सगळ्या वाड्यांना बोलावले. "आपापली खूण पुसा आन् समद्या मेंढरांवर माजी खूण घाला. चैतापासून मिरगापत्तूर समदी मेंढरं माजी. रेघ वलांडली तर माज्या खुणेनं वलांडली. तुमच्या घरावर कायबी न्हाय."

मायाक्का, त्याची बायको, चुलीपुढून उठून तशीच बाहेर आली. तिचे डोळे भीतीने पांढरे झाले होते.

"आन् माज्या लेकीवर? तिचं पोट दिसत न्हाय व्हय तुमाला? लोकांची मेंढरं वाचवायला माज्या केराचं लेकरू देता?"

"मग काय मेंढरं मारू? वस्ती मोडू?"

"देव तुमालाच बरा गावला. येवडी माणसं हायती वस्तीवर!"

"शबुद माजा हाय, मायाक्का."

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. घरात केराबाईने सगळे ऐकले होते. ती पोटावर दोन्ही हात धरून भिंतीला टेकून राहिली. तिला तसे पाहून धुळाला वाटले, आत्ता धावत जाऊन सगळ्यांना माघारी पाठवावे. पण बाहेर लोकांनी गेरू कालवायला घेतला होता. आपले घर सुटले, म्हणून त्यांना हायसे वाटत होते, आणि म्हणूनच त्याच्याकडे बघायची कुणाची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या वाटेवर सगळे कळप उभे राहिले, सगळ्यांच्या मानेवर लाल पट्टा. रेंजरने दोन्ही बाजूंनी काट्याच्या फांद्या लावून घेतल्या होत्या, म्हणजे मेंढरे पाण्याकडेच जातील, गवतात शिरणार नाहीत. धुळा सर्वांत पुढे. रेघेपाशी आल्यावर त्याचे पाय उचलेनात. मागून मेंढरे रेटत होती. त्याने भंडाऱ्याची पिशवी मुठीत आवळली आणि डोळे मिटले.

"दादा, थांब."

ज्ञानबा आपला कळप घेऊन पुढे आला. त्याच्या मेंढरांच्या मानेवर गेरू होता आणि पाठीवर चुन्याचा ठिपकाही होता. ताजा, ओला.

"खूण काढ ती!" धुळा ओरडला. "तुजी पोरं बारकी हायती. याड लागलंय का तुला?"

"याड तुला लागलंय. समदं एकट्यानं खायाची लहानपनापासनं सवयच हाय तुला." ज्ञानबा काठी रोवून उभा राहिला. "मलाबी भ्या वाटतंय. बायकू रातभर रडलीया. पर केरा माजी पुतनी हाय का न्हाय? देवाला म्हनाव, निम्मं हिकडं."

दोघे भाऊ एकदमच रेघेपलीकडे गेले. मागून मेंढरांचा लोट आला आणि पाण्याला जाऊन भिडला. त्या पिण्याचा आवाज एवढा मोठा होता, की लव्हाळ्यातल्या पाणकोंबड्या उडाल्या. रेंजरने टोपी काढून घाम पुसला. कोणीच आनंदाने ओरडले नाही. सगळे आभाळाकडे पाहत होते.

त्यानंतरचे दिवस धुळाने कसे काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. मेंढरे रोज त्या वाटेने पाण्यावर जात, पिऊन त्याच वाटेने परत येत. कुरणाचे गवत कोणी तोडले नाही. घरी मात्र धुळा दाराबाहेर बसून राही. घुबड बोलले, मांजर आडवे गेले, केराबाईला ठसका लागला, सगळ्याचा अर्थ त्याला एकच लागे. ज्ञानबाच्या धाकट्या पोराला ताप आला तेव्हा दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. ताप दोन रोजांनी उतरला, पण तेवढ्यात ज्ञानबाच्या दाढीत पांढरे केस दिसायला लागले, असे वस्तीवरचे लोक सांगत.

केराबाईच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. सुईण सोजरबाईने दार लावून घेतले. बाहेर बाभळीखाली धुळा आणि ज्ञानबा. आतून केराबाईचे ओरडणे येत होते, आणि मध्येच ते थांबले की धुळा उठून उभा राही. एकदा ते फारच वेळ थांबले. मग सोजरबाईने बाळाच्या पाठीवर चापट्या मारल्याचा आवाज. पुन्हा शांतता. ज्ञानबाने भावाचे मनगट धरले, ते थंडगार होते.

मग बारीक, चिडलेले रडणे आले.

मायाक्का दार उघडून बाहेर आली. नवऱ्याकडे तिने कित्येक दिवसांनी सरळ पाहिले. "पोरगी हाय. लई बारकी हाय."

"रडतीया का?"

"ऐकू येत न्हाय व्हय?"

"येतंय. पर रडतीया न्हवं?"

"रडतीया की!"

ती आत गेली. थोड्या वेळाने आतले रडणे थांबले. धुळा ताडकन उठला आणि दार ठोठावू लागला. "मायाक्का! का थांबली? का रडंना ती?"

आतून सोजरबाई खेकसली, "आवो आबा, पाजायला घेतलीया! मानसानं आता दूधबी पिऊ नये का?"

ज्ञानबा हसला, आणि हसता हसता त्याला रडू कोसळले. धुळा दाराला कान लावून तसाच उभा राहिला. पोरगी पुन्हा रडेपर्यंत तो तिथून हलला नाही.