ठासणीची बंदूक आणि मामाजींचं धोतर

सासऱ्याचं धोतर बंदुकीत ठासायचं नसतं, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं.

त्या दिवसांत आमच्या वऱ्हाडात सगळेच थोडे स्वप्नात चालत होते. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता! कुणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, कुणी घोडी घेतली. मी घेतली ठासणीची बंदूक. (ज्वारीत रानडुकरं येतात, हे सांगायचं कारण. खरं कारण असं, की पहाटेच्या धुक्यात, पांढऱ्याशुभ्र कापसातून, खांद्यावर बंदूक टाकून चालणारा मी मलाच फार दिवसांपासून दिसत होतो.)

गावातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं धडा दिला. नळीत आधी दारू, मग गोळी. पण गोळी नुसती सोडायची नाही. तेल लावलेल्या गोल चिंधीत बसवून गजानं खाली ठासायची.

"कापड पातळ असलं तं जयते, जाड असलं तं अडकते," तो म्हणाला. "सारी करामत कापडात हाय, भाऊ!"

झालं! मी कापडात हरवलो. जुन्या मलमलीची चिंधी जळून राख झाली. गड्याच्या पासोडीचा तुकडा अर्ध्या नळीत असा रुतला, की गजही निघेना. गडी आणि मी दोन टोकं धरून ओढत बसलो. (बंदूक भरलेली होती, हे ओढून झाल्यावर आठवलं!) बाजारात जावं, तर घरोघरी कापूस आढ्याला टेकलेला आणि दुकानात कापडाचा पत्ता नाही. मग मी येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे न्याहाळू लागलो.

"अवो, काहून माह्या लुगड्याकडे असे पाहून राहिले?" बायकोनं, गोदीनं, विचारलं.

"वीण पाहतो."

"दहा वर्स झाले लग्नाले, अन् आज वीण पाहता?" ती लाजली. मग तिला माझ्या हातातली कात्री दिसली.

त्याच आठवड्यात अमरावतीहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले. धाकट्या मेहुणीला पातूरचं स्थळ आलं होतं आणि पाहुणे आमच्याच घरी जमायचे होते. खाटेवर मामाजींचं ठेवणीतलं धोतर घडी घालून ठेवलं होतं. मी सहज बोटं फिरवली आणि डोळे मिटले. काय वीण! घट्ट, एकसारखी, सायीसारखी मऊ! कोपऱ्यातला एवढासा गोल गेला, तर कुणाला कळणार? मी एक गोल कापला.

हातात आठ चिंध्या आल्या!

देव देतो तेव्हा असंच देतो, म्हणत मी शेताकडे निघालो. घडीवरून कापलं म्हणजे उलगडल्यावर काय होतं, हा विचार मला पांदणीत, निम्म्या वाटेवर, शिवला. मी धावत परत आलो.

उशीर झाला होता. पाहुणे ओसरीवर बसले होते आणि अधू नजरेचे मामाजी घाईत नेसलेल्या त्या धोतरात हात जोडून उभे होते. गुडघ्यावर एक भोक, मांडीवर दोन. बाकीची मागच्या बाजूला. पाहुण्यांपैकी एक बाई पदरात हसत होती. आतून गोदीचा हुंदका ऐकू आला. बहिणीचं लग्न मोडतंय, हे तिला दिसत होतं.

मुलाचे वडील, पाटील, उठले. वाकले. मामाजींच्या मांडीवरल्या भोकात त्यांनी बोट घातलं.

"उंदरानं कुरतडलं असंन," मामाजी पुटपुटले.

"उंदीर एवढा गोल कुरतडत नाही," पाटील म्हणाले. "हे बंदुकीच्या चिंधीचं भोक हाय. घरात ठासणी कोणापाशी हाय?"

"मामाजी, मी कापलं," मी म्हणालो.

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की रानडुक्कर परवडलं असतं. पाटील मात्र खदखदून हसले. "अमरावतीवाले, मीबी ठासणीवालाच! तुमची पोरगी आमाले पसंत हाय! अन् जवाईबापू, चला, बंदूक दाखवा!"

आम्ही सगळे शेतात गेलो. वीस पावलांवर मडकं मांडलं. मी अगदी मन लावून ठासलं, नेम धरला, चाप ओढला. धूर ओसरला, तेव्हा मडकं होतं तसंच होतं! पाटलांनी गोळीबरोबर उडून जमिनीवर पडलेली चिंधी उचलली, उलटीपालटी केली. कुठं फाटलेली नाही, जळालेली नाही.

"कापड एक नंबर निवडलं!" ते म्हणाले. मग मडक्याकडे पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जवाईबापू, तुमी बंदूक ठेवा अन् कापडाचं दुकान टाका."

पुढल्या दिवाळीला टाकलं.