चिमीची चाकं वाडीत अडली

चाकण येईपर्यंत मी आणि शैलेश एकमेकांशी बोललो नाही. नव्या पुस्तकाच्या कच्च्या प्रतींचा गठ्ठा माझ्या जेवणाच्या टेबलावर राहिला होता आणि तो आणायला आम्हाला भोसरीहून परत फिरावं लागलं होतं. चूक माझी होती, त्यामुळे रुसण्याचं कामही मीच करत होते.

आमचं प्रकाशन म्हणजे ते टेबल, मी आणि शैलेश. मी लिहिते, तो चित्रं काढतो, पुस्तकांचे गठ्ठे माझ्या माळ्यावर राहतात आणि पाहुणे जेवायला आले की प्रकाशन बंद असतं. मुलांच्या पुस्तकांत सगळ्या तऱ्हेची मुलं दिसली पाहिजेत असा आमचा हट्ट आहे. चित्रांतली मुलं वर्षानुवर्षं गोरी, गुबगुबीत आणि बंगल्यात राहणारी असायची. आमची मुलं सावळी असतात, जाड चष्मा लावतात, पालावर राहतात, एकीच्या घरी दोन आज्या आहेत आणि बाप नाही. यामुळे आम्हाला परिसंवादांना बोलावतात. तिथे चहा बरा मिळतो.

अशाच एका परिसंवादात टाळ्यांच्या भरात मी जाहीर करून टाकलं की, ज्यांच्यावर पुस्तक आहे त्या मुलांनी पास केल्याशिवाय आम्ही ते छापणार नाही. शैलेशने कपाळाला हात लावला होता. पण आजवर एकाही मुलाने आम्हाला नापास केलं नव्हतं. बाहेरून बाई आल्या, वर्ग बुडाला, शेवटी गोळ्या मिळाल्या, की मुलं कशालाही पास करतात.

या वेळचं पुस्तक होतं ‘चिमीची चाकं’. चिमी सह्याद्रीतल्या एका गावात राहते आणि चाकाच्या खुर्चीत बसते. तिला देवराईतल्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानातल्या) जत्रेला जायचं असतं, पण वाट अरुंद. मग सारा गाव एकत्र येतो, देवराईच्या कडेची झाडं तोडून वाट रुंद करतो आणि चिमी खुर्चीतून थेट देवापुढे जाते. हे चित्र शैलेशने दोन पानं भरून काढलं होतं. आडवी पडलेली झाडं, फांद्यांतून उतरलेलं ऊन, टाळ्या वाजवणारा गाव. महिनाभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या सगळ्या जाणकारांनी ते पाहून डोळे पुसले होते. छपाईवाल्याकडे फाइल पोचली होती आणि सोमवारी त्याचं मशीन आमच्यासाठी मोकळं होतं. राहिली होती फक्त मुलांची मान्यता. ती आणायला आम्ही शुक्रवारी निघालो होतो, देवाला नैवेद्य दाखवावा तितक्या खात्रीने.

नारायणगावला मिसळ खाल्ली. शैलेशला तिखट सोसत नाही. तरी शेजारच्या टेबलावर चार गडी तर्री ओरपत होते म्हणून यानेही ऐटीत “अजून वाढा” म्हटलं आणि पुढे आळेफाट्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसला. मीच गाडी चालवली.

आळ्याच्या शाळेत पुस्तकाचं जंगी स्वागत झालं. मुलांनी एका सुरात “छान आहे, बाई” म्हटलं. एकाने खुर्ची बॅटरीवर चालते का विचारलं, चालत नाही म्हटल्यावर त्याचा पुस्तकातला रस संपला. पालकांच्या वतीने एक द्राक्षबागायतदार आले होते. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत शांतपणे पाहिलं आणि मान हलवली.

“पुस्तक झ्याक हाय, पावणं. पन ह्यात बिबट्या न्हाई.”

“बिबट्या कशाला?”

“तुमी मघाशी म्हनला ना, समद्यांना पुस्तकात घ्यायचं. आमच्या पोरांना उसात रोज कोन दिसतं? मग त्याला भाईर का ठिवता राव?”

त्यांनी हसत द्राक्षांची एक पेटी गाडीत ठेवली आणि आम्ही पास होऊन बाहेर पडलो.

मुक्काम जुन्नरला होता. आम्ही दोन वेगळ्या खोल्या मागितल्यावर लॉजच्या मालकाचा चेहरा एकदम खुलला आणि त्याने स्वतः गरम पाण्याची बादली आणून दिली. संध्याकाळी गच्चीतून शिवनेरी बघत शैलेश म्हणाला, “उद्याचंही असंच उरकलं तर रविवारी झोपा काढू.” मीही हो म्हटलं.

शनिवारी सकाळची शाळा, म्हणून उजाडताच निघालो. घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी रस्त्याबरोबर चालू लागलं आणि फोनची रेंज गेली. वळणं संपेनात. शैलेशचं पोट अजून कालच्या मिसळीशीच भांडत होतं, त्यामुळे आम्ही दोनदा थांबलो. आहुप्याच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तिथून आत आम्हाला जायचं होतं ती वाडी. तिचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर पुढच्या परिसंवादातली सगळी मंडळी तिथे जाऊन पोचतील. पंधरावीस घरं, अंगणा-अंगणात वाळत घातलेला हिरडा (औषधी फळ, इथल्या माणसांचं हे उन्हाळी पीकच), आणि वाडी संपते तिथे सरळ कडा. खाली कोकण.

शाळा दोन खोल्यांची. गुरुजी मंचरकडचे, तरुण, आणि मुलांच्या जिवाला जपणारे. सगळी मुलं एकाच खोलीत बसली आणि मी माझा ठेवणीतला आवाज लावून वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्याच पानावर एक पोरगी उठली. तिचं नाव सोनी. “बाई, ह्यांच्या चपला कुटं गेल्या?”

मी चित्र पाहिलं. गावातलं झाडून सारं माणूस अनवाणी होतं. मग मी समोर पाहिलं. दाराशी रंगीत प्लॅस्टिकच्या चपला-बुटांचा ढीग पडला होता. शैलेशने वहीत “चपला” असं लिहून घेतलं.

सातव्या पानावर चिमीची खुर्ची उतारावरून चालली होती. वर्गात हसू फुटलं. “सुटली तर थेट कोकणात!” कोणीतरी ओरडलं, आणि पुढची पाच मिनिटं चिमी कोणाच्या घरावर पडेल यावर चर्चा झाली. शैलेशने “उतार” असं लिहिलं. त्याची लेखणी आता जरा जोरात चालत होती.

मग आलं ते दोन पानी चित्र. मी ते उंच धरलं आणि टाळ्यांची वाट पाहिली.

“गुरुजी,” सोनी हळूच म्हणाली, “ह्यांनी देवराई तोडली.”

गुरुजींनी ओशाळून मला सांगितलं की देवराईतून इथे पडलेली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, सरणालाही नाही. मी पुस्तक खाली घेतलं. पण परिसंवादांनी माणसाची जीभ तयार होते. मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं. पण गावाने हे चिमीसाठी केलं ना? तिच्यावरच्या प्रेमाने?”

“मग तिला कोन काय बोललं न्हाई?”

आवाज भिंतीकडून आला. तिथे एक मुलगी पाय लांब करून बसली होती. चौथीतली अंकिता. तिचा डावा पाय बारीक आणि आखूड आहे, आणि शेजारी बांबूची काठी होती.

“कोणाला काय बोललं नाही?”

“चिमीला. माज्या चुलत्यानं वाळकी फांदी आनली व्हती, तर गावाच्या बैठकीत उभं केलं त्याला. हिच्यापायी एवढी झाडं पाडली, आन हिला टाळ्या?”

“अगं, तिला चालता येत नाही ना,” मी म्हटलं.

अंकिताने माझ्याकडे पाहिलं. “म्हंजी लिंबूटिंबू,” ती म्हणाली.

लिंबूटिंबू आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लहान किंवा कमजोर पोराला खेळात घेतात, पण त्याला कोणी बाद करत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. ते पोर आपलं सगळ्यांच्या मधे पळत राहतं आणि आपण खेळतोय असं समजतं. मी दोन वर्षं जी गोष्ट लिहीत होते तिला या मुलीने एका शब्दात निकालात काढलं होतं. मला तिचा राग आला, अगदी खरा राग.

“पास की नापास, ते शेवटी सांग,” मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा निकालाच्या आधी गोळ्या वाटल्या. अंकिताने नारंगी गोळी निवडली, कागद सोलला, गोळी गालात ठेवली आणि म्हणाली, “नापास.”

शाळा सुटल्यावर अंकिताच्या चुलतीने आम्हाला जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी आणि ठेचा. ठेच्याकडे शैलेशने पाहिलंसुद्धा नाही. आमचे चेहरे बघून चुलती समजूत घालायला लागली.

“तिचं नका मनावर घिऊ, बाई. ती समद्यालाच न्हाई म्हनती. लई हट्टी. आमी तिला काईबी काम सांगत न्हाई. हिरडा गोळा करायला समदी पोरं जात्यात, ही मागं लागती, तरी नेत न्हाई. बसून ऱ्हा म्हनतो. तरी फुगती.”

तिच्या बोलण्यात नुसती माया होती. आमच्या पुस्तकातही तीच माया होती, चौरंगी छपाईत.

निघायच्या आधी गुरुजींचा निरोप घ्यायला शाळेकडे गेलो, तर मैदानात शिवणापाणी रंगलं होतं. अंकिताही होती. काठी टेकत, अंग झोकून ती जोरात पळत होती. मी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ज्याच्यावर राज्य असेल तो तिच्या अगदी जवळ जायचा, आणि हात लावायच्या वेळी वळून दुसऱ्याच्या मागे लागायचा. मारकं जनावर टाळावं तसं सगळे तिला हसतमुखाने टाळत होते. गुरुजी म्हणाले, “मीच सांगून ठेवलंय मुलांना. पडली-बिडली तर?”

राज्य सोनीवर आलं. ती पळत पळत अंकिताच्या समोर आली आणि थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सोनीने तिच्या पाठीत असा दणका घातला की आम्हाला इथवर ऐकू आला.

“शिवलं! अंके, राज्य तुज्यावर!”

गुरुजी धावत पुढे झाले. “सोनी, तिला नको. तिला सोड.”

“गुरुजी, तुमी बाजूला व्हा,” अंकिता ओरडली, “मदी येऊ नका!” आणि सुटली.

तिला कोणीही सापडलं नाही. एकदा सोडून दोनदा ती सगळ्यांच्या मागे मैदानभर फिरली. मुलं आधी बिचकत पळत होती, मग त्यांना मजा यायला लागली आणि ती खरीखुरी पळायला लागली. “अंके, हिकडं! हिकडं ये!” एकही पोर तिच्यासाठी हळू झालं नाही. ती पडली, गुडघा फुटला, उठली. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती जे बोलत होती ते आमच्या कुठल्याही पुस्तकात छापता आलं नसतं. मी इतकी खूश झालेली मुलगी फार दिवसांत पाहिली नव्हती. माझेही डोळे वाहायला लागले, आणि ते चित्र बघून नव्हे.

ती आमच्या जवळून गेली तेव्हा मी विचारलं, “अंकिता, मग पुस्तक कसं करू आता?”

“मला टाइम न्हाई,” ती धापा टाकत म्हणाली. “राज्य हाय माज्यावर.”

परतीच्या वाटेवर आम्ही द्राक्षं खात होतो. मी आमची जुनी पुस्तकं एकेक करून डोळ्यांपुढे आणत होते. पालावरचा मुलगा कधी अभ्यास चुकवत नाही. दोन आज्यांची मुलगी कधी खोटं बोलत नाही. चष्मेवाला कधी कोणाला चिमटा काढत नाही. सगळी गुणी, सगळी सोसणारी, आणि त्यांच्याशी सगळे गोड. आम्ही त्यांना खेळात घेतलं होतं खरं, पण एकावरही कधी राज्य येऊ दिलं नव्हतं. मला या गोष्टीची लाज वाटली, आणि ती मी इथे लिहून ठेवते.

“ती पडलेली झाडं चांगली उतरली होती,” शैलेश एकदम म्हणाला.

“हो.”

“फार चांगली उतरली होती.” मग त्याने वही काढली आणि “चपला”, “उतार” याच्या खाली लिहिलं, “झाडं वगळणे.”

डिंभ्याजवळ रेंज आली आणि लगेच छपाईवाल्याचा फोन वाजला. “मॅडम, कागद आलाय. सोमवारी सकाळी चढवतो, बरोबर?”

“नको. थांबव.”

“का? कोणी हरकत घेतली?”

“एका मुलीने नापास केलंय.”

“कितवीतली मुलगी?”

“चौथीतली.”

तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, एखाद्या मोठ्या माणसाला दाखवून बघा ना.”

“मोठ्या माणसांनीच तर पास केलं होतं,” मी म्हटलं.