लॅव्हॉन कुठली मालिका खेळणार

मिस ओपलच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक मासा आहे. पेंढा भरलेला, फळीवर ठोकलेला, तोंड वासलेला. खाली पितळी पट्टी: लॅव्हॉन टिडमोर, अकरा पौंड. दुकानात गळ, आमिषं, बर्फ आणि उकडलेल्या शेंगा मिळतात. शेंगा खायच्या तर त्या माशाची गोष्ट ऐकावी लागते, कारण लॅव्हॉन तिथेच बसलेला असतो.

उत्तर अलाबामातल्या आमच्या तलावात बास मासा खाण्यासाठी नसतो. तो पकडायचा, बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचा, तोलायचा आणि सोडून द्यायचा. खायला आम्ही दुसरे मासे पकडतो, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

लॅव्हॉन टायरच्या कारखान्यात तपासणीला होता. टायर चांगला दिसला की शिक्का मारायचा. मी तिथेच बॉयलरच्या नळ्या जोडायचो. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणायचा, "रजा मिळत नाही रे, नाहीतर मोठ्या मालिकेत नाव असतं माझं." कारखान्याला हे पटत होतं, कारण भिंतीवर मासा होता.

या हिवाळ्यात तो निवृत्त झाला. जन्माची रजा मिळाली. लाल चमकीची बोट दारात आली, तीही इतकी चकचकीत की बगळे बिचकायचे. आता फक्त कुठल्या मालिकेत उतरायचं ते ठरवायचं होतं. स्पर्धा वसंतात सुरू होतात. त्याआधी नाव द्यावं लागतं, आणि नावं मिस ओपलच घेते.

मालिका तीन होत्या. पहिली मोठी, सात तलावांवरची. तिच्यात बोटीच्या मागच्या खुर्चीवर रोज नवा अनोळखी माणूस बसवतात. दुसरी नवी, तिच्यात पंच बोटीतच बसतो, मासा पकडला की तिथेच तोलून पाण्यात सोडतो. तिसरी आमच्या चर्चची, नवराबायकोच्या जोड्यांची, सगळी याच तलावावर.

मी माणसांना कष्ट करताना पाहिलं आहे, पण न ठरवण्यासाठी एवढे कष्ट कोणी केलेले पाहिले नाहीत. लॅव्हॉन सकाळी येई, खुर्ची स्टोव्हजवळ ओढी आणि कामाला लागे.

"पहिलीत तो मागचा माणूस माझ्या जागा बघणार," तो म्हणाला.

"मग दुसरीत जा," मिस ओपल म्हणाली.

"दुसरीत पंच. दिवसभर मानेवर श्वास सोडणार."

"तिसरीत तर जोनेलच असेल. तिचा श्वास तुला सवयीचा आहे."

"बायकांबरोबरची मालिका ती," लॅव्हॉन म्हणाला. "तिला काय मालिका म्हणायचं."

जोनेल त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि सुटली की धक्क्यावर उलटी बादली टाकून गळ टाकत बसते. बोलत नाही. मासेही तिच्याशी वाद घालत नाहीत.

रॉयल हॅगूड शेंगा सोलत ऐकत होता. मागच्या वर्षी चर्चची मालिका त्याने जिंकली होती. तो म्हणाला, "लॅव्हॉन, कुठलीही घे. शेवटी सगळीकडे ते यंत्र आहेच."

यंत्र म्हणजे खोटं पकडायचं. माशाच्या पोटात शिसं भरून वजन वाढवणारे लोक असतात, म्हणून जिंकणाऱ्याला आता सगळीकडेच त्या यंत्रावर बसवतात. छातीला पट्टा, बोटांना तारा.

"काय विचारतात रे त्यात?" लॅव्हॉनने विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण खुर्ची मागे सरकली.

हॅगूडने शेंग तोंडात टाकली. "आधी काटा स्थिर करायला एक सोपा प्रश्न. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा कुठला, आणि तो तूच पकडलास का."

सगळ्यांनी वर पाहिलं. मासा तोंड वासून होता. लॅव्हॉनने पाहिलं नाही. तो बोटीला झाकण घालायचं राहिलं म्हणाला आणि निघून गेला. हॅगूड टरफलं गोळा करत राहिला. तो प्रश्न त्याने आत्ताच मनाने रचला होता हे मला त्याच्या कानांवरून कळलं. हॅगूड खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.

संध्याकाळी लॅव्हॉन माझ्या अंगणात आला. मी गाडीच्या मागच्या दिव्याची तार जोडत होतो. तो शेजारी उभा राहिला. पाना दे म्हटलं तर पक्कड दिली.

"तो मासा जोनेलचा आहे," तो म्हणाला.

मी तार पिळली.

"तिनं पकडला. मी हातजाळी धरली होती. दुकानात आणला तेव्हा हातात माझ्या होता. मिस ओपल म्हणाली, शाबास लॅव्हॉन. आता तिला मधेच कोण तोडणार?"

"वीस वर्षं मधेच होतास?"

"पट्टीसुद्धा लागली होती रे," तो म्हणाला.

मग त्याने मला हिशोब सांगितला. तो मूर्ख नव्हता. पहिल्या दोन मालिकांत जिंकणारा एकटा, यंत्रावर तोच. उतरलाच नाही तर गाव म्हणणार की रजेचं कारण खोटं होतं. चर्चच्या मालिकेत जोडी असते आणि दोघांतला एकच बसतो. जोनेलला बसवायचं. ती खोटं बोलत नाही आणि तिला खरं विचारलं तरी ती फार बोलत नाही.

शनिवारी दुपारी, नाव द्यायच्या शेवटच्या क्षणी, तो दुकानात गेला. जोनेल मागे उभी होती.

"जोड्यांची," लॅव्हॉन म्हणाला. "कुटुंबाला वेळ द्यायचं ठरवलंय."

"कप्तान कोण?" मिस ओपलने विचारलं.

"विचारायची गोष्ट आहे का?" लॅव्हॉन म्हणाला. "बोट कोणाची?"

मिस ओपलने जोनेलकडे पाहिलं. जोनेल आमिषाचे किडे निवडत होती.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे सगळ्या बोटी धक्क्याजवळ जमल्या. चर्चच्या पाद्र्याने, ब्रदर यान्सीने, कर्ण्यावर प्रार्थना म्हटली आणि त्याच दमात नियम सांगितले. पाच मासे, जिवंत. मेलेल्या माशामागे वजन कापणार. जिंकणाऱ्या बोटीचा कप्तान यंत्रावर बसणार. आमेन.

लॅव्हॉनने आमेन म्हटलं नाही.

मी त्या दिवशी तराजूजवळ टाक्यांत पाणी भरत होतो. पुढचं मला जोनेलने नंतर सांगितलं, तेही दोन वाक्यांत. मासे लागूच नयेत म्हणून लॅव्हॉनने सगळ्या नेहमीच्या जागा सोडल्या आणि बोट कापसाच्या जुन्या गिरणीमागच्या उथळ ओघळीत घातली. तिथे वर्षानुवर्षं कोणी जात नव्हतं, म्हणून मासे तिथेच होते.

ते धक्क्याला लागले. जोनेलने पिशवी उचलली आणि तिचा खांदा झुकला. तराजूचा आकडा ब्रदर यान्सीने दोनदा वाचला. सगळ्यांच्या वर. फक्त हॅगूडची बोट यायची होती.

हरण्यासाठी एवढ्या मनापासून प्रार्थना करणारा माणूस चर्चच्या अंगणातसुद्धा क्वचितच दिसतो. हॅगूड आला. त्याचे मासे मोठे होते. लॅव्हॉनच्या तोंडावर रंग आला. पण टाकीचा पंप बंद पडून त्यातले दोन मेले होते. वजन कापलं. लॅव्हॉनचा रंग गेला.

"टिडमोर जिंकले," ब्रदर यान्सी म्हणाला. "कप्तान, आत चला."

लॅव्हॉनने त्याच्या हातातून कर्णा घेतला. वाटलं, आभार मानणार.

"मिस ओपलच्या भिंतीवरचा मासा जोनेलने पकडलाय," तो म्हणाला. "मी जाळी धरली होती."

एका पोराच्या हातातली सोड्याची बाटली तेवढी फसफसली.

"जाळीपण माझीच होती," जोनेल म्हणाली.

लॅव्हॉन आत गेला. शेंगांचा एक द्रोण संपायच्या आत बाहेर आला. हॅगूडसमोर उभा राहिला.

"आजचे मासे आज पकडले का एवढंच विचारलं. भिंतीवरचं काही नाही."

"नियम बदलले असतील," हॅगूड म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

मिस ओपलने पट्टी बदलली. आठवडाभर लॅव्हॉन दुकानात आला नाही. मग आला, खुर्ची स्टोव्हजवळ ओढली आणि पुढच्या वर्षी कुठल्या मालिकेत उतरायचं यावर बोलू लागला. पहिलीत मागचा माणूस, दुसरीत पंच.

फरक एकच पडला. तो मासा त्याच्या नावावर होता तोवर अकरा पौंडांचाच राहिला. त्यापुढे एक अक्षर वाढवायची त्याची छाती नव्हती. आता बायकोच्या नावावर आहे. लोकांना गोष्ट सांगताना लॅव्हॉन त्याचं वजन परवा तेरा सांगत होता.

जोनेलने त्याला दुरुस्त केलं नाही. ती किडे घ्यायला आली होती. जाताना तिने माशाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दहाचा होता."