जवाईबापूंची लाइन आणि गजूमामाचा डबा

मेडशीत ऑनलाइन सेवा केंद्र उघडायला काय लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो : एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि कमीत कमी नातेवाईक. पहिल्या दोन गोष्टी मी अकोल्याहून आणल्या. तिसरी माझ्या हातात नव्हती.

अकोल्याची नोकरी सोडून मी गावी परतलो होतो. घराची पुढची खोली रिकामी केली, भिंतींना पिवळा रंग दिला (बायकोला निळा हवा होता, तो विषय घरात अजून चालू आहे) आणि पीकविम्याचे अर्ज सुरू व्हायच्या आत केंद्र उघडायचं ठरवलं. राहिलं होतं फक्त इंटरनेट आणि फोन. ते मी अगदी शांतपणे, चार ठिकाणी चौकशी करून निवडणार होतो. तेवढ्यात गजूचा फोन आला.

गजू म्हणजे माझ्या बायकोचा, शोभाचा भाऊ. वाशीमला त्याचं मोबाइलचं दुकान आहे.

"भाऊजी, दुसऱ्याचं काही घेऊ नका बरं! सिमवाला वायफायचा डबा घेऊन येऊन राह्यलो मी. वायर नाई, खांब नाई, झंझट नाई. टेबलावर ठेवा अन् चालू!"

"अरे, पण मी अजून चौकशी..."

"घरचा मानूस असताना चौकशी कायची?"

शोभा शेजारीच पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं बोललं. मी गजूला हो म्हणालो.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, रंजूचा फोन. तिचे यजमान प्रल्हादराव आमच्या वाशीमकडच्या मालेगावला वायरीचं इंटरनेट देतात. फोन तिनं लावला होता, बोलत ते होते.

"भाऊ, धंदा कराचा त पक्की लाइन पाह्यजे. सिमवर काय धंदा होते? ढग आले का रेंज गेली! उद्या मानसं पाठवतो. संगं टेबलफोन फुकट."

"जवाईबापू, ते काय झालं..."

"आमची लाइन घ्याची नसन त तसं सांगा. आमाले काय, सवय हाये."

यातल्या 'सवय हाये'चा अर्थ सांगायला हवा. आमच्या वास्तुपूजेला मानाची टॉवेल-टोपी देताना मी आधी माझ्या मामांना दिली आणि मग प्रल्हादरावांना. झालं! जावई रुसले. त्या दिवाळीला रंजू माहेरी आलीच नाही. भाऊबीज व्हिडिओ कॉलवर झाली. तिनं तिकडून ओवाळलं आणि मोबाइलच्या काचेवर माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आम्ही दोघं हसलो आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो. मला एकच बहीण आहे, आणि ती दिवाळीत घरी हवी असते.

प्रल्हादरावांच्या मागून रंजूचा दबका आवाज आला, "दादा, ह्यायले नाई म्हनू नको रे!"

मी त्यांनाही हो म्हणालो.

आता डोकं चालवणं आलं. (हे मी जेव्हा जेव्हा करतो तेव्हा शोभा देवासमोर दिवा लावते.) बेत सोपा होता. प्रल्हादराव येतील तेव्हा त्यांच्या वायरीचा डबा टेबलावर आणि गजूचा तुरीच्या कोठीत. गजू येईल तेव्हा उलट. दोघांना एका दिवशी बोलवायचंच नाही!

प्रश्न आला पाटीचा. एक नंबर गजूच्या सिमचा, दुसरा प्रल्हादरावांच्या टेबलफोनचा. मी पेंटरला सांगितलं, पाटीच्या एका बाजूला हा लिही आणि पाठीमागे तो.

"दोन्ही एकाच बाजूले लिहून देतो ना भाऊ."

"नको. एकमेकांले दिसले नाई पाह्यजे."

"नंबर एकमेकांले पाह्यतात?" पेंटरनं विचारलं. पाटी दारावरच्या आडव्या पाइपला तारेनं टांगली, म्हणजे हवी तशी फिरवता येईल.

उद्घाटनाला प्रल्हादराव आणि रंजू सकाळी आले. गजूला मी दुपारनंतरची वेळ दिली होती. प्रल्हादरावांना या वेळी सगळ्यांच्या आधी टॉवेल-टोपी दिली, नारळ त्यांच्याच हातून फोडला. ते प्रसन्न होते. त्यांनी मोबाइल काढला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "आता पाहा आपल्या लाइनीचा स्पीड!"

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, वायफायच्या यादीत हे 'गजूमामा' काय हाये?"

गजूनं बसवताना आपल्या डब्याला स्वतःचं नाव दिलं होतं! डबा कोठीत लपतो, नाव कुठं लपतं? पण तो तर मी बंद केला होता. मी शोभाकडे पाहिलं. ती पेढे वाटण्यात एकदम गढून गेली.

"कोठीतला डबा तू चालू केला?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"मंग? तुमच्या जवायाच्या वायरीवर वानरं झोके घेऊन राह्यले दोन दिवसापासून. चार लोकायपुढं लाइन गेली असती त? माह्या भावाचं कामाले आलं असतं!"

"शेजाऱ्याचं असन," मी प्रल्हादरावांना म्हणालो. "त्यायच्याकडं कोनी मामा येते वाटते."

आणि त्याच क्षणी दारातून हाक आली, "गजूमामा हाजिर!"

गजू! हातात हार, डोळ्यावर गॉगल. कुणाची तरी मोटारसायकल मिळाली म्हणून लवकर निघाला होता. सवयीनं त्यानंही आधी मोबाइल काढला.

"भाऊजी, हे 'प्रल्हादराव' नावाचं काय दिसून राह्यलं? अन् फुल दांड्या?"

आता काहीतरी सुचावं म्हणून मी बाहेर पाहिलं, तर वारा सुटला होता. पाटी गरागरा फिरत होती. एकदा गजूचा नंबर, एकदा प्रल्हादरावांचा, पुन्हा गजूचा! गल्लीतली माणसं उभी राहून पाहत होती.

"म्हंजे आमाले बोलवून आमचा पोपट केला," प्रल्हादराव म्हणाले आणि दारातल्या चपला पायात घालू लागले. "रंजू, चाल."

"माहा डबा कुठी हाये, ताई?" गजू शोभाला विचारत होता.

"कोठीत."

"तुरीत?"

रंजू जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला ती मोबाइलच्या काचेवरची भाऊबीज आठवली. "जवाईबापू," मी म्हणालो, "मले काय बी बोला. पन तिले दिवाळीले पाठवा."

ते काही बोलणार, तेवढ्यात लाइट गेली.

दोन्ही डबे एकदम बंद. टेबलासमोर माझे पहिले गिऱ्हाईक, गल्लीतले गादीवाले रशीदचाचा, आपल्या शेताच्या पीकविम्याचे कागद घेऊन केव्हाचे बसले होते.

"इन्व्हर्टर लावा ना," प्रल्हादराव म्हणाले. धंद्याची सवय!

"इन्व्हर्टर नाई."

"बॅटरी तरी?" गजूनं विचारलं.

"बॅटरी बी नाई."

प्रल्हादरावांनी एका पायातली चप्पल काढली. ते गजूकडे वळले. "गजानन, पाह्य बरं! दोन दोन कनेक्शन, अन् बॅटरी घेतली नाई या मानसानं!"

"प्रल्हादभाऊ, मी काय सांगू? माही बहीन कसे दिवस काढून राह्यली ते तिलेच माहीत."

"माह्यी बायको बी याच्यासंगंच लहानाची मोठी झाली ना गड्या!"

दुसरी चप्पलही निघाली. दोघं माझ्यावर असे तुटून पडले की जुने मित्र वाटावेत. रंजू पदर तोंडाला लावून हसत होती. "दादा, हे म्हंतात, दोघं बी येतो दिवाळीले," ती हळूच म्हणाली, "तुह्या बॅटरीवर नजर ठेवाले." त्या शिव्या खाताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं कौतुकानंही कधी वाटलं नव्हतं.

"पन चाचाचं काम?" शोभा म्हणाली.

माझ्या मोबाइलवर नेट नव्हतं. घरात दोन वायफाय आल्यापासून मी रिचार्जच केला नव्हता! गजू म्हणाला, "प्रल्हादभाऊ, तुमचा हॉटस्पॉट लावा." प्रल्हादराव म्हणाले, "नाई नाई, मान तुमचा, तुमी लावा." आता दोघांची अशी दोस्ती जमली होती की कुणीच लावेना.

शेवटी रशीदचाचांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. "लो बेटा, मेरे पे चला लो. कबसे बैठा हूँ."

लॅपटॉप चार्ज करायचं राहिलंच होतं, म्हणून अर्ज त्याच मोबाइलवर भरला गेला. पावतीही तिथंच आली. "काम मस्त झालं बेटा," ते म्हणाले आणि दुवा देऊन गेले. मी छाती फुगवून सगळ्यांकडे पाहिलं. नवं केंद्र, पहिलं काम फत्ते! मग हिशेब लागला. कागद चाचांचे, इंटरनेट चाचांचं, पावती चाचांच्या मोबाइलवर. माझं म्हणून जे काही होतं, ते म्हणजे चाचा बसले होते ती खुर्ची. आणि तीही भाड्यानं खुर्च्या देणारा बिछायत केंद्रवाला संध्याकाळी परत घेऊन गेला.